जोसेफ कॉनरॅड : सागरी जीवन आणि कथालेखन

कॉनरॅड, जोसेफ : (३ डिसेंबर १८५७ – ३ ऑगस्ट १९२४). पोलिश वंशाचा इंग्रजी कादंबरीकार. लेखक होण्याआधी जवळजवळ वीस वर्षे तो फ्रेंच व ब्रिटिश व्यापारी जहाजांवर होता आणि त्याच्या कथांचा बराचसा ऐवज तिथूनच आला. मात्र ‘पाहिले तसे लिहिले’ हा हिशेब त्याला लागू पडत नाही. प्रत्यक्ष सफर आणि तिच्यावरची गोष्ट शेजारी शेजारी ठेवली, की काय बदलले ते दिसते. त्याची लेखक म्हणून ओळख पटते ती या बदलांतूनच.

त्याचा जन्म तेव्हाच्या रशियन साम्राज्यातल्या आणि आजच्या युक्रेनमधल्या बर्डिचिव्ह येथे झाला. वडील कवी व अनुवादक. झारच्या सरकारने त्यांना कुटुंबासह हद्दपार केले होते. अकराव्या वर्षीच आईबापांविना पोरका झालेला हा मुलगा १८७४ मध्ये मार्सेला जाऊन जहाजावर चढला. १८७८ मध्ये तो इंग्लंडच्या किनाऱ्याला लागला, तेव्हा त्याला इंग्रजी जेमतेम येत होते. पुढे ज्या भाषेत त्याने कादंबऱ्या लिहिल्या, ती त्याची पोलिश व फ्रेंचनंतरची तिसरी भाषा, आणि ती मुख्यतः खलाशांच्या संगतीत कानावर पडून आलेली. १८८६ मध्ये त्याला कप्तानपदाचे प्रमाणपत्र आणि ब्रिटिश नागरिकत्व, दोन्ही मिळाले.

‘यूथ’ (१८९८) ही दीर्घकथा ‘पॅलेस्टाइन’ जहाजावरच्या नोकरीतून आली. कोळसा भरून बँकॉकला निघालेले हे जुने जहाज गळतीमुळे इंग्लंडमध्येच फार दिवस अडकून पडले. अखेर ते पूर्वेकडे पोहोचले, पण मार्च १८८३ मध्ये सुमात्राजवळ कोळशाने पेट घेतला आणि ते सोडून द्यावे लागले. किनारा जवळच होता. होड्या काही तासांत मुंटोकला लागल्या. गोष्टीत जहाजाचे नाव ‘जुडिया’ आहे, होड्या रात्रंदिवस वल्हवाव्या लागतात आणि जहाजावर चढताना तेविशीत असलेला कॉनरॅड वीस वर्षांचा मार्लो, म्हणजे गोष्टीचा निवेदक, होतो. कष्ट वाढवले, वय घटवले. कथेचा विषय आग नसून तारुण्याची रग आहे, हे लक्षात घेतले तर दोन्ही फेरफार बरोबर बसतात.

‘लॉर्ड जिम’ (१९००) मागची घटना तर त्याने अनुभवलेलीही नव्हती. ऑगस्ट १८८० मध्ये ‘जेद्दा’ हे जहाज नऊशेहून अधिक हज यात्रेकरू घेऊन चालले होते. ते बुडणार असे समजून कप्तान आणि अधिकारी यात्रेकरूंना टाकून निघून गेले. एडनला पोहोचून त्यांनी जहाज बुडाल्याचे सांगितले, आणि दुसऱ्याच दिवशी ‘जेद्दा’ दुसऱ्या जहाजाच्या मागे ओढले जात बंदरात आले! पूर्वेकडच्या बंदरांत ही बदनामी वर्षानुवर्षे चघळली जात होती. त्या जहाजावरचा फर्स्ट मेट, म्हणजे कप्तानाच्या खालचा पहिला अधिकारी, विल्यम्स पुढे सिंगापुरात जहाजांना माल पुरवणाऱ्या पेढीत नोकरी करू लागला. जिमही तसलीच नोकरी करतो. जिमचे वासा लागून जखमी होणे आणि पूर्वेकडच्या रुग्णालयात पडून राहणे हे मात्र कॉनरॅडच्या स्वतःच्या वाट्याचे. ‘हायलँड फॉरेस्ट’ जहाजावर त्याला १८८७ मध्ये असाच मार बसला होता. त्याच जहाजाच्या कप्तानाचे आडनाव किंचित बदलून त्याने ‘टायफून’मधल्या कप्तान मॅकव्हरला दिले.

कप्तान म्हणून त्याने चालवलेले एकमेव समुद्री जहाज ‘ओटॅगो’. १८८८ मध्ये बँकॉकला त्याने ते ताब्यात घेतले, तेव्हा आधीचा कप्तान वारला होता. आजारी खलाशी आणि पडलेला वारा यांमुळे सिंगापूर गाठायला सुमारे तीन आठवडे लागले. ‘द शॅडो लाइन’ (१९१७) या सफरीवर उभी आहे.

मुंबईशीही त्याचा संबंध आला. १८८४ मध्ये तो मद्रासहून मुंबईला आला आणि ‘नार्सिसस’वर सेकंड मेट म्हणून रुजू झाला. डंकर्कच्या वाटेवर एक खलाशी वारला. याच जहाजाच्या नावाच्या १८९७ च्या कादंबरीत, जी अमेरिकेत ‘द चिल्ड्रन ऑफ द सी’ या नावाने निघाली, मरणाच्या वाटेवरचा एक खलाशी सगळ्या जहाजाचे मन ढवळून काढतो. काम, शिस्त, दया आणि कामचुकारपणा यांची एवढी बारीक तपासणी जमिनीवरच्या गोष्टीत साधणे अवघड. जहाजावरून उठून जाता येत नाही.

समुद्राने त्याला कथनाची रीतही दिली. त्याचा निवेदक मार्लो हा जुना खलाशी. तो मित्रांना गोष्ट सांगतो, थांबतो, मागे जातो, ऐकीव माहिती जोडतो. बंदरांत बातमी अशीच पसरते: अर्धी, उलटसुलट, सांगणाऱ्याच्या रंगात. ‘हार्ट ऑफ डार्कनेस’मध्ये (१८९९) टेम्स नदीत नांगरलेल्या नौकेवर बसून तो काँगोची हकीकत सांगतो. कॉनरॅड स्वतः १८९० मध्ये नदीतल्या आगबोटीने काँगोत गेला होता. याच कादंबरीवर नायजेरियन लेखक चिनुआ अचेबे यांनी १९७५ मध्ये वंशद्वेषाचा आरोप ठेवला. नावेवरून दिसणाऱ्या काठावरच्या माणसांना तिथे स्वतःचे बोलणे जवळजवळ नाहीच, हे मान्य करावे लागते.

पहिली कादंबरी ‘अल्मायर्स फॉली’ (१८९५) त्याने १८८९ मध्ये सुरू केली. नायकाचे मूळ बोर्निओत भेटलेल्या एका डच व्यापाऱ्यात आहे. हस्तलिखित त्याच्याबरोबर काँगोला गेले, ‘टॉरेन्स’ जहाजावर एका प्रवाशाने ते वाचले, आणि रूआँच्या गोदीत अडकून पडलेल्या ‘अडोवा’वरही ते पुढे सरकले. ही त्याची शेवटची नोकरी. जानेवारी १८९४ मध्ये तो जहाजावरून उतरला. ‘समुद्री लेखक’ हा शिक्का त्याला आवडत नसे, आणि ‘नॉस्ट्रोमो’ (१९०४) व ‘द सीक्रेट एजंट’ (१९०७) या मुख्यतः जमिनीवर घडणाऱ्या कादंबऱ्या वाचणाऱ्याला ही नाराजी रास्त वाटेल.