पायाला आधार देणारे बूट कसे निवडाल?

बूट हातात घेतला की बहुतेक जण आधी आतला तळ अंगठ्याने दाबून बघतात. मऊ लागला की पसंत! पण नुसता मऊपणा म्हणजे आधार नव्हे. फार दबणारा सोल पहिली दहा मिनिटं सुखाचा वाटतो. दिवसभर उभ्याने काम असेल तर त्यात पाय आत-बाहेर कलत राहतो आणि संध्याकाळी पोटऱ्या भरून येतात.

आधार असा तपासा. टाचेभोवतीचा भाग चिमटीत दाबा. सहज चेपला तर टाच जागेवर राहणार नाही. मग टाच आणि पुढचं टोक धरून बूट वाकवा. चालताना चवडा जिथे वाकतो, तिथेच तो वाकायला हवा. मधोमध दुमडला किंवा ओल्या फडक्यासारखा पिळता आला, तर सरळ बाजूला ठेवा.

आमच्या दुकानात खरेदीला शक्यतो संध्याकाळी या, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. माप दोन्ही पायांचं आणि उभ्यानेच द्या. एक पाय बरेचदा किंचित मोठा असतो. बूट त्याच्या मापाचा घ्यायचा. सर्वांत लांब बोटापुढे (काहींचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं) साधारण 1 सेंटिमीटर जागा हवी. रुंदीकडे मात्र फार थोडे जण बघतात. इनसोल (बुटाच्या आतला तळ) सुटा असेल तर बाहेर काढून त्यावर उभे राहा. पाय कडेबाहेर जात असेल तर तो बूट अरुंदच. ‘वापरून सैल होईल’ या भरवशावर घेऊ नका. सैल होईपर्यंत करंगळीला घट्टा पडलेला असतो.

सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकताना टाच ठणकते? मग पातळ, सपाट चपला आणि घरात फरशीवर अनवाणी चालणं आधी कमी करा. तरीही दुखणं राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.

मधुमेह असलेल्यांना आमची कळकळीची विनंती: पाय बधिर झाले असतील तर बूट चावलेलाही कळत नाही. घालण्याआधी आत हात फिरवून खडा, टोचणारी शिवण बघा. नवा बूट सुरुवातीला थोडाच वेळ घाला, काढल्यावर तळवे आणि बोटांच्या बेचक्या तपासा. लालसर डाग, फोड किंवा जखम दिसली तर तो बूट पुन्हा घालू नका, लगेच डॉक्टरांकडे जा.

आणि येताना जुने बूट घेऊन या. सोल कुठल्या कडेला झिजलाय, हे बघून तुमचा पाय कसा पडतो याचा आम्हाला अंदाज येतो.