टॉवर नाही, नेट नाही, तरी मेल जातो: रेडिओवरच्या टपालामागची गोष्ट

हॅम रेडिओ म्हणजे लायसन्स घेऊन छंद म्हणून चालवायचा रेडिओ, चालवणाराही हॅमच, आणि त्यावरून ईमेल पाठवता येतो असं नागपुरात कोणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, मग व्हॉट्सॲप का नाही जात? आणि दुसरा, हे लीगल आहे का. जून लागला की हे प्रश्न जरा जास्तच येतात, पहिल्या वादळात झाडं तारांवर पडतात, लाईट जाते, काही तासांनी टॉवरची बॅटरीपण बसते आणि मग लोकांना आठवतं की अरे तो अँटेनावाला भाऊ काहीतरी करून राहिला होता ना गच्चीवर.

थोडक्यात सांगायचं तर एक एचएफ रिग म्हणजे शॉर्टवेव्हवरून लांब बोलणारा रेडिओ सेट, एक लॅपटॉप, मध्ये साऊंड कार्डवर चालणारा मोडेम म्हणजे डेटाचा आवाज आणि आवाजाचा डेटा करणारा, आणि १२ व्होल्टची बॅटरी. तुमचा मेल रेडिओवरून शेकडो किंवा हजारो किलोमीटरवरच्या एखाद्या गेटवे स्टेशनला जातो, तिथे नेट चालू असतं, आणि तिथून तो कोणाच्याही साध्या इनबॉक्समध्ये पडतो. आज ह्यासाठी सगळ्यात जास्त वापरली जाणारी सिस्टीम म्हणजे विनलिंक. पण हे काही इंटरनेट आल्यावर कोणाच्या डोक्यात आलेलं नाही, ह्याची मुळं शंभर वर्षांमागे जातात आणि माझ्या मते ह्या सगळ्या इतिहासात खरा प्रश्न एकच राहिला आहे, की मध्ये कोण बसणार. म्हणजे तुमचा निरोप घेऊन ठेवणारा आणि पुढे ढकलणारा मधला माणूस कोण.

१९१४ मध्ये अमेरिकेत हार्टफर्डच्या हायरम पर्सी मॅक्सिमला स्प्रिंगफील्डच्या एका हॅमशी बोलायचं होतं, अंतर फक्त तीसेक मैल, स्टेशन एक किलोवॅटचं, तरी सिग्नल जाईना. मग त्यानं मधल्या विंडसर लॉक्स गावातल्या एका हॅमला निरोप दिला आणि त्यानं तो पुढे दिला. ह्यातूनच अमेरिकन रेडिओ रिले लीग निघाली, नावातच रिले आहे बघा. पुढची कित्येक वर्षं रेडिओग्राम म्हणजे मोर्समध्ये घेतलेला, कागदावर लिहिलेला, शब्द मोजलेला आणि पुढच्या स्टेशनला पुन्हा मोर्समध्ये दिलेला निरोप. मधला माणूस खराखुरा माणूस होता, त्याला झोप येत होती, त्याच्या हातून अक्षर चुकत होतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर टेलिप्रिंटरची जुनी यंत्रं हॅम लोकांच्या हाती लागली आणि आरटीटीवाय म्हणजे रेडिओवरचं टेलिप्रिंटर सुरू झालं. आता टाईप केलेलं तिकडे आपोआप छापून येत होतं पण ते यंत्र पाच बिटांच्या बॉडो कोडवर चालायचं, म्हणजे ३२ जागा, शिफ्ट मारून आकडे आणि चिन्हं, लहान अक्षरं नाहीतच आणि ॲट द रेटचं चिन्ह तर मुळीच नाही, त्यामुळे आजचा ईमेल ॲड्रेस त्यावर लिहिताच आला नसता. शिवाय मोठी अडचण अशी की मध्ये कडकड झाली की अक्षराचं दुसरंच अक्षर व्हायचं आणि पाठवणाऱ्याला पत्ताच नसायचा. नागपूरच्या मे-जूनमध्ये एचएफ ऐकलेल्या कोणालाही ही कडकड समजावून सांगावी लागत नाही, दुपारनंतर ढग जमायला लागले की रिसिव्हरचा आवाज कमी करून बसावं लागतं.

ह्यावर १९७०च्या दशकाच्या शेवटी पीटर मार्टिनेझ ह्या इंग्लिश हॅमनं उपाय आणला, ॲमटॉर. जहाजांसाठी सिटॉर नावाची टेलेक्सची पद्धत होती, तीच त्यानं हॅमसाठी बसवली. ह्यात अक्षर सात बिटांचं आणि प्रत्येक अक्षरात एका प्रकारचे चार आणि दुसऱ्या प्रकारचे तीन बिट असलेच पाहिजेत, हिशोब जुळला नाही की समजायचं गडबड झाली. पाठवणारं स्टेशन तीन अक्षरं टाकतं आणि थांबतं, समोरून ओके आलं की पुढची तीन, नाही आलं की तीच पुन्हा. खराब लाईनवर कोणाला मोबाईल नंबर सांगताना आपण तीन-तीन आकडे सांगून समोरच्याच्या 'हं'ची वाट बघतो ना, तसंच. हे सगळं चक्र ४५० मिलिसेकंदांचं, त्यामुळे बँडवर ऐकलं तर चिर्र-चिर्र-चिर्र असा किड्यासारखा आवाज यायचा. स्पीड म्हणाल तर नगण्य, पण पहिल्यांदाच जे गेलं ते बरोबर गेलं ह्याची बऱ्यापैकी खात्री आली, आणि माणसाशिवाय मशीनला निरोप घेता येईल असं वाटायला लागलं ते इथूनच.

त्याच वेळी दुसरीकडे पॅकेट रेडिओ, म्हणजे निरोपाचे तुकडे करून पाठवायची पद्धत, वाढत होता. ह्याचा चुलतभाऊ म्हणजे हवाई विद्यापीठाचं अलोहानेट, १९७१ चं, बेटाबेटांवरचे कॉम्प्युटर रेडिओनं जोडलेले. हॅम लोकांचं पहिलं पॅकेट मे १९७८ मध्ये कॅनडात माँट्रियलला गेलं, मग व्हँकुव्हरच्या ग्रुपनं कॉम्प्युटर आणि रेडिओ जोडणारा टीएनसी नावाचा डबा बनवला, १९८० मध्ये अमेरिकेत हॅमना आस्की हा कॉम्प्युटरचा अक्षरकोड वापरायची परवानगी मिळाली आणि मग ॲरिझोनातल्या टूसॉनच्या टॅपर ग्रुपनं टीएनसीचं किट काढलं आणि ते जगभर पसरलं. एक्स.२५ ह्या टेलिफोन कंपन्यांच्या प्रोटोकॉलमध्ये कॉलसाईन, म्हणजे लायसन्ससोबत मिळणारं हॅमचं ओळखनाव, घुसवून एएक्स.२५ तयार केला, त्याचं दुसरं व्हर्जन १९८४ चं, आणि गंमत म्हणजे व्हीएचएफवर, म्हणजे जवळपासच्या बोलण्याच्या बँडवर, आजही तोच चालू आहे. टोन दोन, १२०० आणि २२०० हर्ट्झ, स्पीड १२०० बिट. हिशोब करा, सेकंदाला फार तर १५० बाईट. पाच केबीचा मेल अर्ध्या-पाऊण मिनिटात, आणि मोबाईलवर काढलेला तीन एमबीचा फोटो साडेपाच तासांत, तोही चॅनलवर दुसरं कोणी नसेल तर. व्हॉट्सॲप का नाही जात ह्याचं उत्तर हेच आहे.

पॅकेट आल्यावर मधला माणूस पहिल्यांदा खऱ्या अर्थानं मशीन झाला. कोणाच्या तरी घरात चोवीस तास चालू कॉम्प्युटर, त्यावर बीबीएस म्हणजे टपालपेटीचं सॉफ्टवेअर, तुम्ही कॉलसाईननं कनेक्ट व्हायचं, मेल टाकायचा, आणि रात्री ते बीबीएस पुढच्या बीबीएसला आपोआप फॉरवर्ड करायचं. अमेरिकेत हँक ओरेडसन आणि फ्रान्समध्ये जाँ-पॉल रुबेला ह्यांची बीबीएस सॉफ्टवेअरं गाजली, त्यातलं फ्रेंचवालं म्हणजे एफबीबी, त्याची मेल ढकलायची पद्धत लक्षात ठेवा, पुढे येणार आहे. आपल्याकडे सामान्य माणसाला व्हीएसएनएलचं इंटरनेट मिळायला १५ ऑगस्ट १९९५ उजाडला, तेही आधी मोठ्या शहरांत, आणि त्याच्या दहा वर्षं आधीपासून हॅम लोक एका देशातून दुसऱ्या देशात फुकट मेल टाकत होते. वेळ लागायचा, दिवस लागायचे कधी कधी, पण पोचायचा. टीएनसी बाहेरून मागवायचा म्हणजे पैसे आणि कस्टमची कटकट, त्यामुळे ज्यांना जमत होतं ते जर्मनीच्या बेकॉम डिझाईनचा मोडेम घरीच बनवायचे, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीसीएम३१०५ नावाची एक आयसी, चार सुटे पार्ट आणि पॉवर थेट कॉम्प्युटरच्या सिरीयल पोर्टमधून. सोल्डरिंग येत असेल तर एका रविवारचं काम.

आकाशात पण टपालपेट्या गेल्या. १९८६ मध्ये जपानचा फुजी ऑस्कर १२, १९९० मध्ये मायक्रोसॅट, १९९१ मध्ये सरे विद्यापीठाचा यूओ-२२. उपग्रह नागपूरवरून दहा-पंधरा मिनिटं जातो तेवढ्यात मेल वर टाकायचा, तो मेमरीत घेऊन फिरतो, आणि काही तासांनी ब्राझीलवरून जाताना तिकडचा हॅम उतरवून घेतो. म्हणजे मधला माणूस आता पृथ्वीभोवती फिरून राहिला होता! ह्याच तंत्रातून पुढे सॅटेललाईफ नावाच्या संस्थेनं आफ्रिकेतल्या डॉक्टरांपर्यंत वैद्यकीय माहिती पोचवली.

आणि एक प्रकरण पैशाचं. १९८१ मध्ये हँक मॅग्नस्की ह्या हॅमनं हॅम रेडिओसाठी ४४ नंबरचा अख्खा आयपी ब्लॉक, म्हणजे ४४ ने सुरू होणारे सगळे इंटरनेट ॲड्रेस, मागून घेतला, एक कोटी सदुसष्ट लाखांच्या वर ॲड्रेस, तेव्हा कोणाला त्याची किंमत नव्हती. फिल कार्ननं डॉसवर चालणारं टीसीपी-आयपी, म्हणजे इंटरनेटची भाषा, लिहिलं आणि लोकांनी रेडिओवर खरंखुरं इंटरनेट चालवलं, मेलसकट. २०१९ मध्ये त्यातले एक चतुर्थांश ॲड्रेस ॲमेझॉनला विकले गेले, दहा कोटी डॉलरच्या वर, आणि त्यातून आता जगभरच्या हॅम प्रोजेक्टना ग्रँट मिळतात. बऱ्याच जुन्या लोकांना हा सौदा आवडला नाही, मला विचाराल तर रिकामे पडलेले प्लॉट विकून शाळा काढली तर काय वाईट.

आता विनलिंक. ह्याच्या मागे व्हिक पूअर, साधा माणूस नाही हा, डेटापॉईंट २२०० ह्या मशीनमागचं डोकं ह्याचं, ज्याच्या इन्स्ट्रक्शन सेटवरून इंटेलचा ८००८ आला आणि त्याच घराण्यातले प्रोसेसर आज आपल्या लॅपटॉपमध्ये आहेत. ह्यानं १९८०च्या दशकात एपीलिंक लिहिलं, एका बाजूला एचएफवरचं ॲमटॉर आणि दुसऱ्या बाजूला व्हीएचएफवरचं पॅकेट, मध्ये पूल. १९९१ मध्ये जर्मन हॅमनी पॅक्टर काढलं, ॲमटॉरची शिस्त आणि पॅकेटची सफाई एकत्र, आणि एचएफवर लहान अक्षरांसकट नीट मेल जायला लागला. एपीलिंकचं विंडोजवर विनलिंक झालं, आणि १९९९-२०००च्या सुमारास विनलिंक २००० आलं तेव्हा मोठा बदल झाला, गेटवे फक्त दरवाजे राहिले आणि खरी टपालपेटी इंटरनेटवरच्या सेंट्रल सर्व्हरमध्ये गेली. फायदा असा की कुठल्याही गेटवेला कनेक्ट व्हा, तुमचा मेल तिथेच मिळतो. सगळ्यात आधी हे डोक्यावर घेतलं ते शिडाच्या बोटीतून जग फिरणाऱ्यांनी, महिनोन्महिने समुद्रात, हवामानाचा अंदाज हवा आणि घरी खुशाली कळवायची.

आत काय चालतं ते एकदा स्क्रीनवर बघण्यासारखं आहे. कनेक्ट झालं की दोन्ही बाजू आपली ओळख देतात, मग तुमचं सॉफ्टवेअर 'एफसी' म्हणून एक ओळ टाकतं, त्यात मेलचा आयडी, मूळ साईज आणि दाबून केलेली साईज. समोरचा 'एफएस वाय' म्हणतो, म्हणजे दे. मेल जातो. माझ्याकडे काही नाही म्हणायला 'एफएफ', आणि निघतो म्हणायला 'एफक्यू'. ही सगळी ती एफबीबीवालीच भाषा, जरा वाढवलेली. बाहेरचा कोणीही तुम्हाला मेल टाकू शकत नाही, त्याचा ॲड्रेस तुमच्या यादीत लागतो नाहीतर सब्जेक्टच्या सुरुवातीला //डब्ल्यूएल२के लिहावं लागतं, कारण एक जाहिरातीचा मेल उतरवण्यात बँडवरची पाच मिनिटं गेली तर शिव्या कोणी खायच्या.

ह्या दाबण्यावरूनच भांडण झालं. हॅम रेडिओवर अर्थ लपवायला कोड वापरायला मनाई आहे, आंतरराष्ट्रीय नियमच तसा आहे. मेल कॉम्प्रेस केलेला आणि तिसऱ्याला मध्येच ऐकून वाचता येत नाही, मग हे एन्क्रिप्शन नाही तर काय, असा मुद्दा घेऊन २०१९ मध्ये अमेरिकेत एफसीसी ह्या दूरसंचार नियामकाकडे अर्ज गेला आणि दोन्ही बाजूंनी पत्रांचा पाऊस पडला. मला विरोधकांचं थोडं पटतं, हॅम बँड सगळ्यांचा आहे आणि तिथे काय चाललंय ते सगळ्यांना ऐकता आलं पाहिजे. दुसरं दुखणं स्पीडचं. अमेरिकेत एचएफवर ३०० बॉडची, म्हणजे सेकंदाला ३०० चिन्हांची, मर्यादा होती ती १९८०च्या जमान्यातली, ती २०२३ मध्ये गेली, तोपर्यंत पॅक्टर-४ तिकडे वापरताच येत नव्हतं. पॅक्टरचा मोडेम महागडा डबा, म्हणून लोकांनी साऊंड कार्डवर चालणारे मोडेम लिहिले, आधी विनमोर, मग आरडॉप, आणि मग स्पेनच्या एका हॅमचं व्हारा, ज्यानं स्वस्तात जवळपास तेवढाच स्पीड दिला. आपल्यासारख्यांसाठी खरा दरवाजा तिथे उघडला.

आपल्याकडे आपत्तीत हॅम म्हटलं की आवाजच डोळ्यासमोर येतो. किल्लारी १९९३, ओडिशाचं महाचक्रीवादळ १९९९, भूज २००१. २००४ च्या त्सुनामीत हैदराबादच्या हॅम संस्थेची भारती प्रसाद ह्यांची टीम योगायोगानं अंदमानातच होती आणि पोर्ट ब्लेअरहून निरोप तिथूनच निघाले, तेही मुख्यतः बोलूनच. अमेरिकेत २००५ च्या कतरिना वादळानंतर विनलिंकचं नाव झालं कारण रुग्णालयाला लागणाऱ्या औषधांची पन्नास नावांची यादी माईकवर स्पेलिंग करून सांगण्यात आणि फाईल पाठवण्यात फरक पडतोच. पण गेटवेचं नेटच गेलं तर? म्हणून आता गेटवे सर्व्हरशिवाय एकमेकांना रेडिओवरूनच मेल देऊ शकतात अशी सोय आहे, म्हणजे फिरून विंडसर लॉक्सच. आणि तो सेंट्रल सर्व्हर सध्या कुठे चालतो, तर ॲमेझॉनच्या क्लाउडवर, हे पण ऐकून ठेवा.

नागपूरचा फायदा जागेचा. दिवसा ४० मीटरच्या एचएफ बँडवर भोपाळ, हैदराबाद, मुंबई, पुणे सगळं आवाक्यात, कारण सगळीकडे अंतर तीनशे ते सातशे किलोमीटरच्या आसपास. व्हीएचएफवर मात्र कामठीच्या पुढे जायचं तर उंची लागते, रामटेकच्या गडासारखी. लायसन्सशिवाय ट्रान्समिट करायचं नाही, आणि १९७८ च्या नियमांतच चार महानगरांत दर महिन्याला आणि अहमदाबाद, हैदराबाद, नागपूरला महिन्याआड परीक्षा असं लिहिलेलं होतं, म्हणजे कागदावर तरी मुंबईला जायची गरज नव्हती. दुसऱ्याचा निरोप पाठवण्यावर बंधनं आहेत, आपत्तीची गोष्ट वेगळी, तेव्हा सासऱ्यांच्या दुकानाची ऑर्डर ह्यावरून पाठवायची नाही, धंदा चालतच नाही इथे. लायसन्सच्या अटी आधी वाचा, मग बर्डीच्या बाजारात जाऊन केबल घ्या.