फोटोंचा गठ्ठा एका कमांडने लहान करणे: पार्श्वभूमी

फोल्डरभर फोटो एका ओळीच्या कमांडने लहान करायची सोय आज जवळजवळ प्रत्येक संगणकावर मिळते. त्या ओळीतली चिन्हे, पर्यायांचा क्रम आणि तिच्यातले धोके मात्र तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या गरजांतून आले आहेत.

जेफ पोस्कँझर यांनी १९८८ मध्ये पीबीएमप्लस हा चित्रे बदलणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांचा संच प्रसिद्ध केला. त्याची रीत अस्सल युनिक्सची होती: एक प्रोग्रॅम चित्र साध्या मधल्या फॉरमॅटमध्ये आणणार, दुसरा आकार बदलणार, तिसरा हव्या त्या फॉरमॅटमध्ये परत नेणार. तिघांना पाइपने जोडायचे, म्हणजे एकाचा निकाल थेट पुढच्याला द्यायचा, आणि फाइली पुष्कळ असतील तर भोवती शेलचा (कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा) लूप लावायचा, म्हणजे तेच काम प्रत्येक फाइलवर पुन्हा होते. पुढे यातूनच नेटपीबीएम तयार झाला. ही पद्धत मेमरी फार कमी घेते, पण त्या मधल्या फॉरमॅटमध्ये रंगाचे प्रोफाइल किंवा कॅमेऱ्याने नोंदवलेली माहिती ठेवायला जागाच नाही. ती वाटेतच गळते.

चित्रे बदलणाऱ्या इमेजमॅजिक या दुसऱ्या संचाची वाट वेगळी. ड्यूपाँमध्ये काम करणारे जॉन क्रिस्टी यांना १९८७ मध्ये २४ बिटांची चित्रे २५६ रंगांच्या पडद्यावर नीट दाखवायची होती. तो प्रोग्रॅम १ ऑगस्ट १९९० रोजी युजनेट या जुन्या चर्चागटांच्या जाळ्यावरून सर्वांसाठी खुला झाला. पडद्याशी असलेले हे नाते आकार लिहिण्याच्या पद्धतीत अजून दिसते: रुंदी, मध्ये इंग्रजी एक्स, मग उंची. युनिक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स विंडो या प्रणालीत खिडकीचा आकारही असाच लिहितात.

त्या आकारापुढे > लावले की फक्त मोठे फोटो लहान होतात आणि छोटे ताणले जात नाहीत. पण शेलसाठी हेच चिन्ह ‘आउटपुट फाइलमध्ये लिही’ असे सांगते. आकार अवतरणात नसेल, तर भलत्याच नावाची फाइल तयार होते आणि छोटे फोटोही मोठे होऊन बसतात. उद्गारचिन्ह लावले तर प्रमाण न पाळता चित्र दाबून बसवले जाते, म्हणून ते सहसा टाळावे.

गठ्ठ्याचे काम इमेजमॅजिकमधला मॉग्रिफाय हा प्रोग्रॅम करतो. तो एकेक फाइल घेतो, पण निकाल मूळ फाइलवरच लिहितो. म्हणून आधी रिकामे फोल्डर करून पाथ या पर्यायाने तेच द्यावे. हे फोल्डर तो स्वतः तयार करत नाही. त्याच संचातल्या कन्व्हर्टला सगळ्या फाइली एकदम दिल्या तर तो त्या सर्व मेमरीत उघडतो. इमेजमॅजिकच्या सोळा बिटांच्या सहाव्या आवृत्तीत एका पिक्सेलला ८ बाइट लागतात, म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या एका फोटोला सुमारे १९२ मेगाबाइट.

डिजिटल कॅमेरे आल्यावर पर्यायांच्या क्रमाला महत्त्व आले. फोटो उभा की आडवा, हे अनेकदा पिक्सेलांत नसून एक्झिफच्या, म्हणजे कॅमेऱ्याने फाइलमध्ये ठेवलेल्या माहितीच्या, नोंदीत असते. स्ट्रिप हा पर्याय ती नोंद पुसतो, म्हणून त्या नोंदीप्रमाणे फोटो फिरवणारा ऑटो-ओरिएंट त्याच्या आधी हवाच. उलट केले तर फोटो आडवे पडतात. स्ट्रिप रंगाचे प्रोफाइलही काढतो. रुंद रंगपट्ट्यातले फोटो आधी एसआरजीबी या नेहमीच्या पडद्यांच्या रंगपट्ट्यात आणले नाहीत, तर ते फिके दिसतात.

२००२ मध्ये इमेजमॅजिकच्या ५.५.२ या आवृत्तीपासून ग्राफिक्समॅजिक वेगळा झाला. आज्ञा वारंवार बदलू नयेत, यावर त्याचा भर राहिला. इमेजमॅजिकच्या सातव्या आवृत्तीत मॅजिक ही एकच मुख्य कमांड झाली. विंडोजवरच्या जुन्या गोंधळावरही त्याने उपाय मिळाला, कारण तिथे कन्व्हर्ट नावाचा डिस्कची फाइलप्रणाली बदलणारा प्रोग्रॅम आधीच होता. २०१६ मध्ये इमेजट्रॅजिक नावाने गाजलेली सुरक्षेची त्रुटी उघड झाली आणि इमेजमॅजिकला काय करू द्यायचे हे ठरवणाऱ्या पॉलिसी फाइलमधल्या निर्बंधांकडे सगळ्यांचे लक्ष गेले. मोठ्या फोटोवर ‘कॅश रिसोर्सेस एक्झॉस्टेड’ असा संदेश आला, तर मेमरी आणि डिस्कच्या मर्यादा त्याच फाइलमध्ये तपासाव्यात.

हजारो फोटो असतील तर लिबव्हिप्स हा चित्रांवर काम करणारा दुसरा संच आम्हांला अधिक योग्य वाटतो. रंगवलेल्या चित्रांच्या अचूक डिजिटल नोंदीसाठी युरोपात १९८९ मध्ये सुरू झालेल्या व्हसारी प्रकल्पात त्याचे मूळ आहे. तो शक्य तिथे संपूर्ण चित्र न उघडता तुकड्यातुकड्यांनी काम करतो. त्याचा व्हिप्सथंबनेल हा फोटो लहान करणारा प्रोग्रॅम जेपेग उघडतानाच ते निम्मे, चतुर्थांश किंवा अष्टमांश करून घेतो, त्यामुळे वेळ वाचतो. आणि वेगळे सांगितले नाही तर निकाल नव्या नावाने ठेवतो, मूळ फाइलला हात लावत नाही.