ऊन पडलं आणि पूर आला

कोल्हापूरकरांना फुटांची भाषा समजावून सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ वर धोका. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटातलं ग्रँड फोर्क्स हे रेड नदीकाठचं शहरही असंच फुटांत बोलतं. तिथे २८ फुटांपासून पूर धरतात. (दोन्हीकडचे आकडे मात्र एकमेकांशी ताडून पाहू नयेत, प्रत्येक मोजपट्टीचं शून्य वेगळं.) १९९७च्या एप्रिलमध्ये अंदाज होता ४९ फुटांचा; पाणी ५४ फुटांच्याही वर गेलं. जवळपास अख्खं शहर रिकामं करावं लागलं. त्यातच बुडालेल्या बाजारपेठेत आग लागली आणि ११ इमारती जळाल्या.

ही नदी उत्तरेकडे वाहते, आणि गोम तिथेच आहे. वसंतात ऊन तापलं की वरच्या अंगाचा, म्हणजे दक्षिणेकडचा बर्फ आधी वितळतो. ते पाणी खाली पोचतं तेव्हा उत्तरेकडचं पात्र अजून गोठलेलंच असू शकतं. शिवाय हे खोरं म्हणजे हिमयुगातल्या एका प्रचंड सरोवराचा तळ, परातीसारखा सपाट. पाणी पुढे सरकण्यापेक्षा आडवं पसरतं.

किती बर्फ पडला यापेक्षा त्यात पाणी किती, हे महत्त्वाचं. त्यासाठी पोकळ नळी बर्फात जमिनीपर्यंत खुपसतात, काढतात आणि वजन करतात. ताज्या, भुसभुशीत बर्फाच्या दहा इंचांत साधारण इंचभर पाणी निघतं. तोच थर मुरून घट्ट झाला की तीन इंचही.

आणि वर पाऊस पडला तर? पावसाने बर्फ धुऊन निघत असेल असं वाटतं, पण हिशेब वेगळाच आहे. दहा अंश तापमानाचा एक सेंटिमीटर पाऊस जेमतेम सव्वा मिलिमीटर पाण्याएवढा बर्फ वितळवतो. खरं काम करते ती सोबतची उबदार, दमट हवा. गार तांब्याला बाहेरून घाम फुटतो ना, तशी तिच्यातली वाफ बर्फावर जमते. एक ग्रॅम वाफेचं पाणी होताना सुटणारी उष्णता सुमारे साडेसात ग्रॅम बर्फ वितळवायला पुरते!

या पुराचं पाणी बर्फाइतकंच गार, म्हणून पोहता येतं एवढ्यावर विसंबण्यात अर्थ नाही. याच नदीवरच्या विनिपेगमधले प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी एक आडाखा रूढ केला: एक, दहा, एक. पाण्यात पडल्यावर पहिलं एक मिनिट धाप लागते. तेव्हा हातपाय न झाडता तोंड वर ठेवायचं आणि श्वास ताब्यात आणायचा. पुढची दहाएक मिनिटं हातपाय ऐकतात, तेवढ्यात बाहेर पडायचं. शुद्ध हरपायला मात्र तासभर लागतो. म्हणजे थंडीने गोठण्याच्या कितीतरी आधी माणूस बुडतो, कारण बोटं वळत नाहीत. पाण्यात पडल्यावर लाइफ जॅकेटचे पट्टे लावू म्हटलं, तर त्याच बोटांनी लावायचे असतात.