ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा नव्हे

गोव्यात बी.एड.च्या टिपणांपासून शिक्षकांच्या गप्पांपर्यंत ‘ऋण प्रबलन’ (negative reinforcement) ही मानसशास्त्रातील संज्ञा शिक्षेला दिलेले भारदस्त नाव म्हणून सर्रास वापरली जाते. हा अर्थ चुकीचा आहे. प्रबलन धन असो वा ऋण, त्याने वर्तन वाढते. शिक्षेने ते घटते. ‘ऋण’ येथे वाईट या अर्थी नसून निव्वळ वजाबाकी, म्हणजे काहीतरी काढून घेणे, या अर्थी आहे; ‘धन’ म्हणजे काहीतरी देणे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर याच्या प्रयोगाच्या पेटीत तळातून विजेचा धक्का बसत असताना उंदराने तरफ दाबली की धक्का थांबे, आणि म्हणूनच तो ती पुन्हा पुन्हा दाबू लागे.

समजा, डिचोलीतील एखाद्या मराठी शाळेत चौथीच्या बाईंनी पाढे न चुकता म्हणणाऱ्यांना रविवारचा गृहपाठ माफ केला आणि त्यामुळे पाढ्यांचा सराव वाढला, तर ते ऋण प्रबलन. दंगा केला म्हणून खेळाचा तास काढून घेतला आणि दंगा कमी झाला, तर तीही वजाबाकीच, पण ती ऋण शिक्षा. छडी ही धन शिक्षा (ती २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने निषिद्ध आहे, हे वेगळे सांगायला नको).

गोंधळाला स्किनरही काहीसा जबाबदार आहे, कारण १९३८ च्या ग्रंथात त्याने हीच संज्ञा शिक्षेच्या अंगाने वापरली होती. १९५३ पर्यंत त्याने तिचा अर्थ बदलला.

जेवताना मूल आकांत करते, आई मोबाईल देते, रडणे थांबते. यात मुलाला मोबाईल मिळाला, हे धन प्रबलन. रडणे थांबल्यामुळे उद्याही मोबाईल पुढे करणाऱ्या आईचे मात्र ऋण प्रबलन झालेले असते.