वजन घटवणे : आहार आणि व्यायाम

शरीरातली जादा चरबी उतरावी आणि स्नायू शाबूत राहावेत, अशा रीतीने खाण्यात व हालचालीत केलेला टिकाऊ बदल म्हणजे वजन घटवणे. व्याख्येत स्नायूंचा उल्लेख मुद्दाम केला आहे. वजनकाटा फक्त किलो दाखवतो. गेलेले किलो चरबीचे, स्नायूंचे की नुसत्या पाण्याचे, हे त्याला सांगता येत नाही. आठ दिवस जेवण तोडून तीन किलो उतरवणाऱ्याचे बहुतेक पाणीच गेलेले असते. यकृतात आणि स्नायूंत साठलेल्या ग्लायकोजेनच्या, म्हणजे साखरेच्या साठ्याच्या, प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. जेवण तुटले की आधी हा साठा संपतो आणि नीट जेवण सुरू होताच तो पाण्यासकट परत भरतो.

लठ्ठपणा मोजण्यासाठी बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बीएमआय, वापरतात. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की तो मिळतो. जागतिक प्रमाणानुसार २५ च्या पुढे जादा वजन आणि ३० च्या पुढे लठ्ठपणा धरतात. भारतीयांसाठी मात्र २००९ साली तज्ज्ञांनी ही रेषा खाली आणली. आपल्याकडे २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा मानला जाऊ लागला. असे का, याचे उत्तर बऱ्याच अंशी पुण्यात सापडले.

बारीक अंगातली चरबी

२००४ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एक फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काट्यावर दोघेही तंदुरुस्त, पण एकाच्या अंगात दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त चरबी. हातपाय काटकुळे आणि पोट तेवढे सुटलेले, ही ठेवण आपण लग्नाच्या पंगतीत, कचेरीत, स्वतःच्या घरातही बघतो. ‘खात्यापित्या घरचा’ म्हणून तिचे कौतुकही होते. पोटातली, आतड्यांभोवतीची ही चरबी यकृताला आणि रक्तातल्या साखरेला सर्वांत जास्त त्रास देते.

याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो होते, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे सर्व मापांत लहान होती, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. स्नायू कमी आणि चरबी राखलेली, ही ठेवण जन्मापासूनचीच. म्हणून पोट सुटलेल्या माणसाला ‘जिभेवर ताबा नाही’ म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे. आईला काय खायला मिळाले, इथपर्यंत या गोष्टीची मुळे जातात. त्याच अभ्यासात ज्या आयांच्या आहारात पालेभाज्या, फळे आणि दूध जास्त वेळा होते, त्यांची बाळे जन्मतः मोठी असल्याचे आढळले.

यामुळे आपल्याकडे काट्यापेक्षा शिंप्याची टेप जास्त खरे बोलते. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध टेप आडवी धरायची, श्वास सहज सोडायचा, पोट आत ओढायचे नाही. भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर माप गेले, तर वजन काहीही असो, लक्ष द्यायला हवे. पँटचा नंबर हे माप नव्हे, कारण पँट पोटाखाली बांधली जाते.

ऊर्जेचा हिशेब

एक ग्रॅम पिष्टमय पदार्थातून किंवा प्रथिनातून ४ किलोकॅलरी मिळतात, स्निग्ध पदार्थातून ९. अंगावरची एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० किलोकॅलरी. रोज ५०० ची तूट पडली तर आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास वजन उतरते. सुरुवातीला हे गणित जुळते. पुढे शरीर हलके झाल्यामुळे त्याचा खर्चही घटतो आणि वेग मंदावतो. दोन-तीन महिन्यांनी काटा अडकला म्हणून हताश होणाऱ्यांनी काही चुकलेलेच असते असे नाही.

याच हिशेबात व्यायामाबद्दलचा एक मोठा गैरसमज उघडा पडतो. ७० किलोचा माणूस तासभर झपाझप चालला तर ३०० किलोकॅलरींच्या आसपास खर्च होतात. एका वडापावात जवळपास तेवढ्याच असतात, आणि तो उभ्या उभ्या चार मिनिटांत संपतो. वजन उतरवण्याचे बरेचसे काम ताटात होते. ते टिकवण्यात आणि स्नायू राखण्यात व्यायामाला तोड नाही.

ताट

आपल्या ताटाची खोट परदेशी पदार्थ आणून भरून निघायची नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, पिठलं, अंबाडीची किंवा शेपूची भाजी, काकडीची कोशिंबीर, ताक, कोकणात मासे, हे सगळे घरात होतेच. बिघडले ते प्रमाण. भाताचा डोंगर, त्यावर पातळ वरण, चमचाभर भाजी आणि तोंडी लावायला पापड, अशा ताटात पिष्ट भरपूर आणि प्रथिने नावापुरती. अर्धे ताट भाजी-कोशिंबिरीचे, पाव भाग उसळ, डाळ, अंडी किंवा मासे यांचा आणि उरलेला पाव भाकरी, पोळी किंवा भाताचा, एवढी फिरवाफिरव केली तरी पोट भरते आणि ऊर्जा कमी जाते. प्रथिने आणि चोथा असलेल्या जेवणाने भूक उशिरा लागते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूल माणसासाठी दिलेला नियम याच्याशी जुळतो. पचायला जड, पण शरीराला पुष्ट न करणारे अन्न द्यावे, असे तिथे म्हटले आहे. त्यात जव, मूग, कुळीथ यांचा उल्लेख येतो. कुळथाचे पिठले कोकणातल्या घरांत आजही होते.

तेल हा मोजायचा पदार्थ आहे, आणि आपण तो कधी मोजत नाही. कढईत किटलीची धार धरताना हात किती वेळ झुकला हे कुणी पाहत नाही. चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर माणशी रोज ३८ ग्रॅमच्या आसपास तेल पोटात जाते. बैठे काम करणाऱ्याला २० ते ३० ग्रॅम पुरते. शिवाय तूप, शेंगदाण्याचे कूट, ओले खोबरे यांतली चरबी वेगळी. डब्यावर तो फोडल्याची तारीख लिहून ठेवणे हा साधा उपाय आहे आणि तो खरोखर लागू पडतो. चहाचेही तसेच. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे ४० ग्रॅम साखर, १६० किलोकॅलरी, आणि त्यासोबतची खारी-बिस्किटे निराळीच.

‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आजीच्या तोंडची. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, शेंगदाण्यात निम्मी चरबी, वर तूप आणि बटाटा. असा उपास देवासाठी जरूर करावा. वजनासाठी त्याचा उपयोग नाही.

आणखी एक कारण कुठल्याच तक्त्यात येत नाही. घरात सगळ्यांत शेवटी जेवायला बसणारी बाई पातेल्यात उरलेला भात, मुलाने टाकलेली अर्धी पोळी ‘टाकायची कशी’ म्हणून संपवते. तिला आहाराचा कागद देऊन काही होत नाही. अन्न मोजून रांधणे आणि सगळ्यांनी एकत्र जेवायला बसणे हा तिच्यासाठीचा पहिला उपचार आहे, आणि तो एकटीने करायचा नाही.

महाराष्ट्रात या विषयाची घरोघर चर्चा झाली ती दोनदा जेवणाच्या पद्धतीमुळे. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला हा विचार डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगाव व्याख्याने देऊन पोचवला. कडकडीत भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच जेवायचे, जेवण ५५ मिनिटांत संपवायचे आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचे, असा त्याचा सांगावा. खर्च शून्य आणि नियम लक्षात राहणारे, म्हणून ती रुजली. संध्याकाळचा फरसाण, चहासोबतचे बिस्किट, ‘थोडंसं’ म्हणून तोंडात टाकलेला चिवडा, हे सगळे तिने एका फटक्यात बंद होते. तिचे बरेचसे यश यातच असावे. खाण्याचे तास बांधून घेतल्याने वेगळा लाभ होतो का, हे चीनमध्ये १३९ जणांवर वर्षभर तपासले गेले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कॅलरी सारख्याच कमी केल्यावर, तास बांधलेल्यांच्या आणि न बांधलेल्यांच्या वजनात लक्षणीय फरक आढळला नाही. ज्याला जी शिस्त वर्षानुवर्षे झेपेल ती त्याची.

व्यायाम

प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद लावावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, तो मध्यम श्रम. चालण्याचा भाग लोक उचलतात, ताकदीचा सोडून देतात. स्नायू मुळातच कमी असलेल्या आपल्या अंगाला त्याचीच खरी निकड आहे. आहार तोडून उतरलेल्या वजनात अंदाजे पाव वाटा चरबीविरहित ऊतींचा, म्हणजे स्नायू वगैरेंचा, असतो. ताकदीचा व्यायाम आणि पुरेशी प्रथिने यांनी तो कमी होतो.

त्यासाठी जिम लागतेच असे नाही. तालमीतले जोर-बैठका म्हणजे स्वतःच्याच वजनाने केलेला ताकदीचा व्यायाम. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला, संस्थानातल्या शाळांत तो नेला. गुडघे दुखणाऱ्याने खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठबस करावी, भिंतीला हात लावून जोर काढावेत. सुरुवात एवढ्यावरही होते. पोटाचे व्यायाम करून फक्त पोट उतरत नाही. चरबी साऱ्या शरीरातून कमी होते. घाम काढणारे पट्टे विकणारे ही गोष्ट सांगत नाहीत.

लाभ आणि टिकवण

अमेरिकेत ३,२३४ मधुमेहपूर्व, म्हणजे साखर वाढलेल्या पण अजून मधुमेह न झालेल्या, व्यक्तींवर झालेला मोठा प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाला ७ टक्के वजन घटवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम एवढेच लक्ष्य होते. त्या गटात मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले, मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. म्हणजे ८० किलोच्या माणसाने साडेपाच किलो उतरवले तरी पुष्कळ मिळवले. चेन्नईच्या गटाने भारतीयांवर केलेल्या, २००६ मधल्या अभ्यासात मधुमेहातली ही घट २८.५ टक्के होती, आणि तीही वजनात फारसा फरक न पडता. काटा हलला नाही म्हणून चालणे सोडणाऱ्यांना हे आवर्जून सांगायला हवे.

उतरलेले वजन परत येते, कारण शरीर ते परत मागते. मेलबर्नमधल्या २०११ च्या अभ्यासात वजन घटवलेल्यांची भूक वाढवणारी संप्रेरके वर्ष उलटून गेल्यावरही चढीच आढळली. अमेरिकेत १९९४ पासून, किमान १३.६ किलो उतरवून वर्षभर टिकवलेल्यांची नोंद ठेवली जाते. त्यातले बहुतेक जण रोज तासाच्या आसपास हालचाल करतात आणि आठवड्यातून एकदा तरी वजन करतात.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणे कमी करू नयेत. डोस तोच राहिला तर साखर एकाएकी खाली जाते. हात थरथरणे, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी ही तिची लक्षणे. चालायला जाताना अशा माणसाच्या खिशात साखरेची पुडी असावी.