पार्श्वभूमी : हवापालटाच्या गावातली आरोग्यदायी फळं

स्ट्रॉबेरीचा हंगाम सुरू झाला की पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावर गाड्या थांबायला लागतात आणि फळाच्या चवीबरोबर त्याचे 'फायदे'ही ऐकायला मिळतात: हृदयाला चांगली, त्वचेला चांगली, स्मरणशक्तीला चांगली. ही ख्याती फार जुनी नाही.

महाबळेश्वर वसलं मात्र आरोग्यासाठीच. १८२८-२९च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याकडून ही जागा मिळवली, ती आजारी गोऱ्यांच्या हवापालटासाठी. औषध होतं ते इथली थंड हवा. फळं आणि विलायती भाजीपाला मागाहून आला, तो साहेबाच्या जेवणाच्या टेबलासाठी. इथल्या तुरुंगातले चिनी कैदी भाज्यांचे मळे पिकवायचे. स्ट्रॉबेरीही इंग्रजांच्याच काळात रुजली. मुळात आजची मोठी, लाल स्ट्रॉबेरी अठराव्या शतकात युरोपात अमेरिकेतल्या दोन जातींच्या संकरातून जन्मली. जमीन झाकणाऱ्या काळ्या मल्चिंग पेपरवर, ठिबकवर दिसणारे स्वीट चार्ली किंवा कॅमारोसा हे वाण तर अगदी अलीकडची मंडळी. २०१० मध्ये महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकनही मिळालं.

आरोग्याचं बिरूद चिकटलं ते क जीवनसत्त्वामुळे. हे जीवनसत्त्व वेगळं काढणारे सेंट-ग्योर्गी यांना १९३७ मध्ये नोबेल मिळालं. शंभर ग्रॅम स्ट्रॉबेरीत ते साधारण ५९ मिलिग्रॅम असतं, म्हणजे संत्र्याच्या तोडीस तोड. त्यात उष्मांक ३२च्या आसपास आणि नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी. एवढं निर्विवाद.

पुढे 'अँटिऑक्सिडंट'ची, म्हणजे पेशींची झीज रोखतात असं मानल्या जाणाऱ्या द्रव्यांची, लाट आली. कोणत्या फळात ते किती, याचे 'ओरॅक' नावाचे आकडे अमेरिकेच्या कृषी खात्याने प्रसिद्ध केले आणि विक्रेत्यांनी ते जाहिरातींत मिरवले. परीक्षानळीतला हा आकडा शरीरात काय घडतं ते सांगत नाही, म्हणून २०१२ मध्ये त्याच खात्याने तो तक्ता संकेतस्थळावरून काढून टाकला. जाहिराती मात्र थांबल्या नाहीत. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे ९३ हजार परिचारिकांच्या अठरा वर्षांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. आठवड्यातून तीनपेक्षा जास्त वेळा स्ट्रॉबेरी-ब्लूबेरी खाणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसला. वजनदार पुरावा आहे, पण निरीक्षणाचा; धोका फळामुळेच कमी झाला, हे त्यातून सिद्ध होत नाही. त्यावरून फळाला औषध म्हणणं घाईचं ठरेल.

गंमत म्हणजे ब्लूबेरीला निळी-जांभळी करणारी अँथोसायनिन ही रंगद्रव्यं जावळीच्या डोंगरातल्या करवंदा-जांभळांतही आहेत. त्यांचा मात्र असा गाजावाजा नाही. एप्रिल-मे महिन्यात काट्यांच्या जाळीतून हात ओरबाडून घेत काढलेली करवंदं पानाच्या द्रोणात विकायला येतात. देठाचा पांढरा चीक बोटांना असा चिकटतो की धुऊनही लवकर जात नाही. स्वयंपाकघरात त्यांची जागा ठरलेली आहे: कच्च्याचं लोणचं, पिकलेली तशीच. जांभळाच्या बीची पूड मधुमेहावर घ्यायचा रिवाजही जुना. पण तिच्या भरवशावर गोळ्या बंद कराव्यात, असा पुरावा नाही. क जीवनसत्त्वाचंच म्हणाल तर आपला आवळा स्ट्रॉबेरीला कित्येक पटींनी मागे टाकतो.

स्ट्रॉबेरीचा हंगाम संपल्यावर उरतात त्या बाटल्या: जॅम, क्रश, सिरप. घाट उतरणारा पर्यटक त्याच 'आरोग्यदायी' समजून पिशवीत भरतो. भारतीय नियमांनुसार जॅममध्ये साधारणपणे किमान ४५ टक्के फळ लागतं. स्ट्रॉबेरी आणि रासबेरीला त्यातही सवलत, २५ टक्के पुरतं. बाकीचा मोठा हिस्सा साखरेचा. शंभर ग्रॅम ताज्या स्ट्रॉबेरीत साखर जेमतेम पाच ग्रॅम, म्हणून डॉक्टरांनी फळाला होकार दिला असला तरी तो या बाटलीला धरू नये.